पाहुण्याला शंभर कार्डं फुकट

छापखान्यात कात्रणं कुणी साठवत नाही. कटिंग मशीनखाली ती रोज थोडी थोडी पडतात, आणि एक दिवस खाली वाकून बघावं तर पोतं भरलेलं असतं. सलीमभाईंच्या दुकानातले किस्से माझ्याकडे असेच जमा झाले. परवा भाचीच्या हळदीला आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो. एकीने मोबाइल पुढे केला. त्यावर मेसेज होता, "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!"

"मंगलाताई, हे खरं असते का वं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "याचं माहीत नाही. आमचं मात्र खरं होतं!"

झालं! हळद राहिली बाजूला आणि सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या.

तर आधी दुकान सांगते. चंद्रपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सलीमभाईंचा छापखाना होता. त्यांच्या अब्बांनी घेतलेली जुनी ट्रेडल मशीन, त्यावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि व्हिजिटिंग कार्डं निघायची. मी तिथे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायला होते. दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं आणि जो तो इंटरनेट इंटरनेट करत होता. सलीमभाईंनीही दुकानाच्या पुढच्या भागात प्लायवूडच्या केबिन ठोकल्या आणि सायबर कॅफे टाकला. पुढे मॉडेम किंचाळायचं, मागे मशीन खटखट करायची, आणि मधे काउंटरवर मी.

सलीमभाईंचे मोठे भाऊ हमीदभाई नागपूरला असत. हिशोबी माणूस. दुकानात हाताची अशी एकच खुर्ची होती, अब्बांची, आणि हमीदभाई आले की तेच तिच्यात बसत. त्यांचं एकच टुमणं, "मशीन भंगार में डाल. मागचा गाळा मोबाइलवाल्याले भाड्यानं दे. आजकाल पत्रिका कोन छापते इथी? सगळे नागपूरले जाते."

सलीमभाईंना हे ऐकवत नसे. ते मशीनला तेल घालायला उठून जायचे. एकदा मात्र बोलून गेले, "भाईजान, आता इंटरनेटवरून ऑर्डरी येतील. पुन्या-मुंबईले गेलेले आपले लोक तिथून पत्रिका सांगतील, आपन इथी छापू."

हमीदभाई हसले. म्हणाले, "एक दाखव. लगीनसराई संपेपर्यंत इंटरनेटवरून लग्नपत्रिकेची एक ऑर्डर दाखव! आली तं मी पुन्हा तोंड नाई उघडनार. नाही आली, तो मशीन गई."

ही पैज नव्हती. हमीदभाई बोलले की करायचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

०

वेबसाइट मी बनवली. पुस्तकात बघून बनवली, तेव्हा कशी होती ते विचारू नका. मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत नसत, म्हणून मी मजकुराची चित्रं करून टाकली होती. पण ऑर्डर कोण देणार? आमच्या समोरच्याच गाळ्यात आधी एक लकी स्कीमवाला होता. कुकर देतो, मिक्सर देतो म्हणून त्याने गल्लीभर हप्ते गोळा केले आणि एका सकाळी शटर पडलं ते पडलंच. त्यानंतर आमच्या भागात 'लकी' हा शब्द काढला तरी लोक चप्पल शोधायचे. मग न पाहिलेल्या दुकानावर घरच्या लग्नाची पत्रिका कोण सोडेल?

सलीमभाई दोन दिवस डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी एकदम म्हणाले, "मंगलाताई, वेबसाइटवर जो येते त्याले काय म्हनते?"

"व्हिजिटर."

"अन् आपन काय छापतो?"

"व्हिजिटिंग कार्ड."

"मंग! व्हिजिटरले व्हिजिटिंग कार्ड! नावातच आहे की! दर महिन्याले एकाले शंभर कार्डं फुकट. लोकांनी आधी आपलं काम हातात घेऊन पाहावं. भरवसा आपोआप येते."

व्हिजिटरला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच विचार केला आणि 'पाहुणे' लिहिलं. पानाच्या खाली आकडे बदलणारी चौकट लावली, "आजचे पाहुणे". शेजारी 'पाहुण्यांची वही'. त्यात नाव, गाव आणि व्यवसाय लिहायचा. पाहुणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि ते वाचून मी पुन्हा मराठीत उतरवायची. यातून पुढे काय झालं ते येईलच.

०

पहिला गोंधळ घरातच झाला. त्या दिवशी वेबसाइट बरी चालली. सलीमभाईंनी आनंदाने घरी फोन लावला, "अम्मी, आज अपने यहां चालीस मेहमान आए!"

अम्मी म्हणजे सलीमभाईंची आई. तिने "अल्ला!" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. संध्याकाळी सलीमभाई घरी जातात तर अंगणात चूल पेटलेली, शेजारणी कांदा कापायला बसलेल्या आणि मोठ्या देगचीत पुलाव!

"मेहमान कहां हैं?" अम्मीने विचारलं.

"अम्मी, वो इंटरनेट के मेहमान हैं. वो घर नहीं आते."

अम्मीने झाऱ्या खाली ठेवला आणि म्हणाली, "तो क्या हुआ? भूख तो उनको भी लगती होगी!"

दुसऱ्या दिवशी कॅफेत जो आला त्याला आम्ही पुलाव खाऊ घातला. खरं सांगायचं तर वेबसाइटची पहिली जाहिरात तीच झाली.

०

पहिल्या महिन्याचं नाव निघालं. बल्लारपूरचे एक बाबू होते, त्यांनी वहीत फोन नंबरही दिला होता. सलीमभाईंनी घसा साफ करून फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"साहेब, तुम्ही जिंकले! शंभर व्हिजिटिंग कार्डं, एकदम फुकट!"

पलीकडून आवाज आला, "बरं. आता अकाउंट नंबर मागसान."

"नाई साहेब."

"मंग रजिस्ट्रेशनचे पैसे?"

"नाई नाई. काईच नाई."

"मंग काय किडनी पाहिजे?"

सलीमभाई घाबरून म्हणाले, "साहेब, फक्त नावाची स्पेलिंग पाहिजे होती!"

"अरे वा! म्हंजे स्पेलिंग सांगतली का तुम्ही सही करनार! मी काय येडा आहो?" आणि फोन बंद.

सलीमभाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मला वाईट वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मंगलाताई, लुटाले सोपं आहे. द्याले लय कठीन आहे बाप्पा!"

०

तेव्हापासून ठरलं की सोडत सगळ्यांसमोर काढायची. चिठ्ठ्या देगचीत टाकायच्या आणि दुकानाच्या पायरीवर अम्मीने हात घालायचा. अम्मीच का, असं एकाने विचारलं. सलीमभाई म्हणाले, "तिले वाचता येत नाई. तिच्यासाठी सगळे नावं सारखे."

फक्त एकदा घोळ झाला. अम्मीने चिठ्ठी काढली, मी वाचली, "जावेद..." अम्मीच्या बहिणीचा मुलगा! त्यानेही वहीत नाव टाकलं होतं. मी पुढे वाचायच्या आतच अम्मीने माझ्या हातातून चिठ्ठी ओढली आणि देगचीत परत.

"खाला, निकली तो निकली! कायदे से निकली!" जावेद गर्दीतून ओरडला.

अम्मी म्हणाली, "घर के लड़के को कार्ड काहे को? तेरेको सब पहचानते!" सगळी गल्ली हसली.

सोडतीचा फोटो वेबसाइटवर टाकायचा होता, पण अम्मी चेहरा देईना. म्हणून फक्त हाताचा फोटो काढला. हिरव्या बांगड्या, चिमटीत चिठ्ठी. महिनाभराने वहीत गडचिरोलीच्या कुणीतरी लिहिलं, "Haat konacha aahe? Kay bharosa?"

मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं होतं. सलीमभाई म्हणाले, "एवढं कायले? एकच शब्द लिहा."

मी लिहिलं, "Aaicha."

त्यानंतर हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही.

०

लोक कार्डावर काय लिहायला सांगतील याचा नेम नसे. मूल तालुक्यातला एक बी.ए. झालेला मुलगा जिंकला. व्यवसायाच्या जागी त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "Sadhya gharich". मी त्याला फोन करून विचारलं, हे असंच छापू का? म्हणाला, "खोटं काऊन लिहाचं, ताई?" छापलं.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला तो रडकुंडीला येऊन. "ताई, कार्ड वाटलं तं लोक म्हनते, बरं झालं तू घरीच आहेस! एकानं म्हशीवर लक्ष ठेवाले सांगतलं, एकानं गॅस सिलिंडर घ्याले, अन् वहिनीनं पोरगं देल्लं सांभाळाले. मले पहिल्यापेक्षा जास्त काम आहे!"

पुढे काही महिन्यांनी वहीत त्याचंच नाव पुन्हा दिसलं. गाव हैदराबाद. व्यवसाय: "Sadhya baher!!!" त्या तीन उद्गारचिन्हांकडे बघून सलीमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

०

मोहर्लीचा राजूभाऊ ताडोब्यात गाइड होता. त्याने सांगितलं, कार्डावर टाका, "वाघ दाखवणे". आम्ही ऐटीत छापलं, कोपऱ्यात पंजाही टाकला. महिन्याने राजूभाऊ हजर.

"ताई, हे कार्ड लय महागात पडून राह्यलं. पर्यटक फिरून येते, वाघ दिसत नाई, अन् मंग कार्ड मह्या नाकासमोर धरते. म्हनते, लिहून दिलं आहे नं? दाखव! आता वाघ काय मह्या घरी बांधला आहे?"

"मग काय करू या? दुसरं छापून देते. 'जंगल दाखवणे' लिहू?"

राजूभाऊने मान हलवली. "जंगल तं त्याईले तसंबी दिसते. एक काम करा. वाघ राहू द्या, त्याच्यापुढं 'बहुतेक' टाका."

तसं छापलं. "वाघ दाखवणे, बहुतेक." राजूभाऊ सांगत होता की त्यानंतर एकही भांडण झालं नाही. पर्यटक कार्ड वाचून आधीच हसायचे, आणि हसलेल्या माणसाला वाघ नाही दिसला तरी तो फार रागावत नाही.

०

बल्लारपूरचे पुंडलिकभाऊ आठवले की मला अजून कसंतरी होतं. कागद कारखान्यातून रिटायर झालेले, सत्तरीला टेकलेले. नातवाने त्यांचं नाव वहीत घातलं होतं. कार्डं घ्यायला स्वतः पॅसेंजर गाडीने आले. मी डबी उघडून पुढे ठेवली. त्यांनी एक कार्ड उचललं, वास घेतला, उजेडात धरलं, आणि अंगठा नावावरून फिरवला.

"जिंदगीभर कागद बनवला, बाई," ते म्हणाले. "मह्या नावाचा कागद आज पाहून राह्यलो."

सलीमभाई आत गेले. मशीन बंद होती, तरी उगीच तेलाची बुधली घेऊन उभे राहिले. मलाही पुढचं टाइप करता येईना.

आठवड्याने दुकानात फोन. पुंडलिकभाऊंच्या घरच्या बाई.

"तुमीच कार्डं देल्ले का? लय चांगलं केलं, पन त्याईले समजवा जरा. कोनाले एक कार्ड देत नाई. देवाजवळ ठेवले! मी म्हनलं, मले तं एक द्या, एवढी वर्सं संसार केला."

"मग?"

"म्हनते, तुले काऊन पाहिजे? तुले महा पत्ता माहीत नाई का!"

०

आता ज्यांच्याशिवाय ही सगळी गोष्टच होत नाही, ते शामराव भोयर. चामोर्शीजवळच्या खेड्यातले, चांगले धानाचे शेतकरी. त्यांची मुलगी रेखा तालुक्याला कॉम्प्युटर शिकत होती. तिने बापाचं नाव वहीत टाकलं, आणि निघालं.

आम्ही कळवल्यावर शामराव कार्डं घ्यायला आले नाहीत. आधी दोन जाणते लोक सोबत घेऊन दुकान बघायला आले! तिघेही ओळीने उभे राहिले. मशीन पाहिली, केबिन पाहिल्या, वर पंखा पाहिला.

"फुकट काऊन देऊन राह्यले?" शामरावांनी विचारलं.

सलीमभाई सांगायला लागले, पण अम्मी पायरीवर बसलेली होती. तिने सगळी हकीकत सांगून टाकली. अब्बांची मशीन, हमीदभाई, लगीनसराई, एक ऑर्डर. अम्मी हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच सांगायची.

शामरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोबतच्यांना म्हणाले, "हे लोक लुटनारे नाई. यायचंच दुकान लुटाले आलं आहे."

मग कार्डं छापली. वहीत रेखाने लिहिलं होतं, "Vyavasay: Dhan". मी उतरवलं, "व्यवसाय: धन".

हो! धान लिहायचं तिथे धन! धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीत लहानपण गेलेली मी, आणि त्या दिवशी काय डोळ्यांवर आलं होतं कोण जाणे. पार्सल गेलं. आणि काही दिवसांनी शामराव दारात. हातात डबी.

"सलीमभाऊ, मी काय सावकार वाटलो का तुमाले?"

मी कार्ड पाहिलं आणि काउंटरखाली जावंसं वाटलं. "शामराव भोयर. व्यवसाय: धन."

सलीमभाईंनी तिथल्या तिथे मशीन चालू केली. शंभर नवी कार्डं, 'धान', शाई वाळेपर्यंत शामरावांना चहा. मला म्हणाले, "अन् वेबसाइटवर टाका. आपली चूक, मोठ्या अक्षरात. दोन्ही कार्डांचा फोटो."

"अहो, आधीच कुणी भरवसा ठेवत नाही, त्यात ही चूक दाखवायची?"

"चूक लपवनारा पळून जाते, मंगलाताई. दाखवनारा तं दुकानात बसला आहे."

मी टाकलं. आणि खरंच, त्या आठवड्यात वहीत जेवढे पाहुणे आले तेवढे आधी कधी आले नव्हते. कुणी हसून गेलं, कुणी आपल्या नावाचं मराठी आधीच दोनदा समजावून गेलं. एकाने लिहिलं, "Maza adnav Kale aahe. Kaale nahi, KALE. Krupaya ghai karu naye." ते वाचून मी अजूनच गोंधळले.

इकडे शामराव निघाले. सलीमभाई म्हणाले, "ते चुकीचे कार्डं ठेवून जा, भाऊ. फाडून टाकतो."

शामरावांनी डबी छातीशी धरली. "नाई नाई! ते राहू द्या. दोन्ही कामाचे आहे."

"कसे काय?"

"बाजारात धानवालं देतो. हापिसात, बँकेत अन् सोयरिकीत धनवालं. मी पाहून राह्यलो नं इतक्या दिवसात! धान म्हनलं का मानूस भाव करते. धन म्हनलं का उठून खुर्ची देते!"

आणि शर्टाच्या डाव्या खिशात धानवालं कार्ड, उजव्यात धनवालं, असे ते बसस्टँडकडे गेले.

०

लगीनसराई सरत आली. वहीत पाहुणे भरपूर, कौतुक भरपूर, फुकट कार्डांसाठी नावं ढीगभर. लग्नपत्रिकेची ऑर्डर मात्र एकही नाही. पुण्याच्या एकाने मजकूर पाठवायचं कबूल केलं आणि त्याची सोयरीकच मोडली. सलीमभाई रोज दुकान उघडलं की आधी मेल बघायचे, मग मशीन पुसायचे. दिवसेंदिवस त्यांचं बोलणं कमी होत गेलं. मला तो चेहरा बघवत नसे.

आणि एका दुपारी नागपूरहून हमीदभाई आले. हातात मोजायचा टेप. अब्बांच्या खुर्चीत बसून पाणी प्याले, मग उठून मागच्या गाळ्याची रुंदी मोजायला लागले. सलीमभाई मशीनच्या बाजूला भिंतीला टेकून उभे. अम्मी पायरीवर पाठ करून बसली होती, हमीदभाईंचा सलामही तिने घेतला नाही. मी काउंटरवर, कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसलेली. आमच्याकडे चारला लाइट जायची, आणि चार वाजत आले होते.

तेवढ्यात दारात शामराव. मागे रेखा. दोघंही धुळीने भरलेले.

"मंगलाबाई, रेखाचं लगीन जुळलं!"

"अरे वा! या ना, बसा. पत्रिका का? सांगा, मी लिहून घेते."

शामरावांनी दोन्ही हात वर केले. "नाई! तुमी काई लिहू नका. तोंडी नाई देत मी ऑर्डर. इंटरनेटवरून पाहिजे नं तुमाले?"

"अहो, पण..."

"आमच्या इथं फोनची लाइन दोन दिवसांपासून बंद आहे. पोरगी रोज जाऊन येते, इंटरनेट लागतच नाई. मंग म्हनलं, चल, सलीमभाऊच्याच इथून इंटरनेट करू. यष्टी पकडली अन् आलो. कोनता कॉम्प्युटर खाली आहे?"

मी बोटाने शेवटची केबिन दाखवली.

रेखा आत बसली. शामराव पडद्याबाहेर उभे राहून सांगू लागले, आणि त्यांचा आवाज म्हणजे शेतातून हाक मारणारा. "'आमच्या येथे' लिहिलं का? मामाचं नाव वर घे, नाई तं रुसते. आजीचं नाव विसरू नोको!"

मागे हमीदभाईंचा टेप थांबला.

"आयेराचं काय लिहू, बाबा?" आतून रेखा.

"लिही, आयेर घेतला जानार नाई. आपन फुकट कार्डं घेतले, आता लोकायचं काऊन घ्याचं?"

भिंतीवरचं घड्याळ चारला टेकलं होतं. लाइट गेली की संपलं.

"पाठव आता!" शामराव ओरडले. "गेलं का? गेलं का वं पोरी?"

माझ्या कॉम्प्युटरवर मेल आला. अवघ्या चार हातांवरून निघालेला, पण कुठल्या कुठल्या देशांतून फिरून आलेला. मी प्रिंटचं बटण दाबलं. कागद बाहेर पडला आणि लाइट गेली.

मी तो कागद सलीमभाईंकडे दिला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि मागे जाऊन भावापुढे धरला.

हमीदभाईंनी कागद दारातल्या उजेडाकडे तिरपा केला. "कहां से आई?"

"चामोर्शी से."

"इंटरनेट से?"

"इंटरनेट से, भाईजान."

हमीदभाईंनी केबिनकडे पाहिलं. पडद्यापाशी शामराव कपाळावरचा घाम पुसत उभे होते. हमीदभाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. अम्मी पायरीवरून उठली.

"आप?" हमीदभाईंनी विचारलं.

शामरावांनी त्यांना खालून वर पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात टेप. त्यांचा हात डाव्या खिशाकडे गेला. थांबला. मग त्यांनी उजव्या खिशातून एक कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

हमीदभाईंनी कार्ड वाचलं. हातातला टेप गुंडाळून खिशात टाकला, अब्बांची खुर्ची स्वतः उचलून आणली, रुमालाने पुसली आणि म्हणाले,

"बसा ना साहेब!"